अंगावरून लाल जाणे ही घरातली गोष्ट नाही

सातवा महिना उलटल्यावर अंगावरून लाल जाऊ लागले, तर ते थोडे असो की फार, दुखत असो की नसो, लगेच दवाखाना गाठायचा. हे आपल्या बहुतेक बायांना ठाऊक असते. तरी बाई घरातच राहते, कारण निघायचे की नाही हे ठरवणारी ती नसते.

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत घरचे सगळे बांधीत असतात. ‘थांबेल, संध्याकाळी बघू’ असे म्हटले जाते. आणि खरेच थांबते! धोका तिथेच आहे. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर न दुखता लालभडक रक्त जाते, थांबते आणि पुन्हा कधीही धो धो सुरू होते. दुसऱ्या प्रकारात वार वेळेआधीच सुटते. पोट दगडासारखे कडक होते, दुखत राहते, बाळाची हालचाल मंदावते. रक्त आत साठल्यामुळे बाहेर थोडेच दिसते. वाढलेला रक्तदाब हे त्याचे एक कारण. पोटावर बसलेला मार हे दुसरे. ‘घसरून पडली’ हे उत्तर आपण किती दिवस ऐकून घेणार?

अशा वेळी बाईला डाव्या कुशीवर झोपवावे आणि १०८ ला फोन करावा. पोट चोळू नये, कळांचे इंजेक्शन देऊ नये. वार कुठे आहे हे कळेपर्यंत सुईणीनेच काय, डॉक्टरनेही आतून तपासणी करू नये. भिजलेली कापडे दाखवायला सोबत न्यावीत. रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे बरोबर निघावीत. आपल्या भागात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आहेत. मुळात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

सोनोग्राफीच्या वेळी मुलगा की मुलगी विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘वार कुठे आहे?’ हे विचारणे मात्र आपला हक्क आहे. तो प्रश्न विचारायला शिकू या. आधी सिझर झालेल्या बाईने तर विचारायलाच हवा.

पण सगळा भार बाईच्या शहाणपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, २०१६ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यातल्या बाईला त्याचा उपयोग रात्री दोन वाजता होतो का? २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने गाडी, सिझर आणि रक्त मोफत देण्याचे वचन दिले आहे. तेव्हा ग्रामसभेत विचारू या: जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवलेले असते का? भूल देणारा डॉक्टर रात्री असतो का? नसेल तर कधीपासून असेल?

आणि घरात एक ठराव हवा: लाल दिसले की परवानगीची वाट पाहायची नाही. जीव तिचा आहे, निर्णयही तिचाच.