पूजा यंत्राची, काळजी माणसाची

17 सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. 1948 साली याच दिवशी निजामी राजवटीचे जोखड गळून पडले. विश्वकर्मा पूजाही बहुधा याच तिथीस येते आणि भारतीय मजदूर संघ ती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. हा योग नांदेड-लातूरकरांनी गांभीर्याने ध्यानी घ्यावा.

कारण आपला शेतकरीपुत्र आता कारखान्यात शिरतो आहे. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन 31 मार्च 2018 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तेथे सिद्ध झाला. अशा उद्योगांत टनावारी वजन क्रेनच्या हुकाला लटकून माणसांच्या डोक्यावरून सरकते. ते निसटले तर काय होते, हे ऑगस्ट 2023 च्या पहिल्याच रात्री महाराष्ट्राने पाहिले. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरळांबे येथे गर्डर बसविणारी अवजड यंत्रणा कोसळली आणि 20 जणांचा बळी गेला.

अशा घटनांना दैवाचा खेळ म्हणणे ही आत्मवंचना होय. दोन टनांचे वजन दोन स्लिंगांनी उचलले, तर प्रत्येकीवर एक टन भार येतो, असा भाबडा हिशेब केला जातो. वास्तविक स्लिंग आडव्या रेषेशी 30 अंशांत ताणली गेली, तर प्रत्येकीवर पूर्ण दोन टनांचा ताण येतो. हे गणित कंत्राटी कामगाराला कोण शिकवितो?

1948 च्या कारखाने अधिनियमाने क्रेन, साखळ्या व दोरखंडांची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि सुरक्षित भारमर्यादा स्पष्टपणे लिहिणे बंधनकारक केले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले, गुरुत्वाकर्षण मात्र तेच आहे.

म्हणून येत्या विश्वकर्मा पूजेला यंत्रास हळदकुंकू वाहण्यापूर्वी व्यवस्थापनाने तपासणीचा दाखला कामगारांसमोर ठेवावा. अधांतरी भाराखाली कोणी उभे राहणार नाही, असा संकल्प सर्वांनी करावा. आणि धोका दिसताच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार अगदी शेवटच्या कंत्राटी मजुरालाही असावा. त्यापायी त्याची रोजी बुडू नये. श्रमिक हा उद्योगपरिवाराचा घटक आहे, असे आपण मानतो. घरातले माणूस सायंकाळी सुखरूप परतावे, ही काळजी परिवारानेच वाहायची असते.