राखणदारीची तरतूद: इन्फ्लिबनेट केंद्राच्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक,
इन्फ्लिबनेट केंद्र, गांधीनगर, यांस



ज्या केंद्राने देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगे’त एकत्र आणले आणि ज्याच्याकडे ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेचा कारभार सोपविण्यात आला आहे, त्या केंद्राच्या संचालकांना एका लहानशा मराठी संशोधनपत्रिकेच्या संपादकाने सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांविषयी जाहीर पत्र लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. ते मराठीत का, असेही कोणी विचारील. आपल्या केंद्राचा उगम १९९१ साली पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखालील एक प्रकल्प म्हणून झाला आणि १९९६ साली त्याला स्वतंत्र अस्तित्व लाभले, तेव्हा या बाजूकडून आलेला कागद आपल्या दप्तरी अगदीच परका ठरू नये, एवढेच त्यावर म्हणतो.

आमची पत्रिका ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’वर, म्हणजे आम्हा मंडळींच्या बोलण्यातल्या ओजेएसवर, प्रसिद्ध होते. जॉन विलिन्स्की या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी कॅनडात १९९८ साली आरंभिलेल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ने २००१ मध्ये ही प्रणाली प्रथम प्रसिद्ध केली, तिची संहिता सर्वांस खुली आहे आणि तिच्यासाठी कोणास छदामही मोजावा लागत नाही. २०२० सालच्या स्थितीवर आधारित एका अभ्यासात तिच्यावर चालणारी २५,६७१ नियतकालिके आढळली; ती १३६ देशांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी सुमारे ८४ टक्के नियतकालिके लेखकाकडून वा वाचकाकडून काहीही शुल्क घेत नव्हती. या आकड्यामागे कोण उभे आहे, हे आपणांस सांगणे न लगे. एखादा प्राध्यापक, एखादी ग्रंथपाल, मुद्रितशोधनाचा सोस असलेला एखादा निवृत्त शिक्षक, आणि संगणकातले कळते म्हणून धरून आणलेला एखादा माजी विद्यार्थी, एवढ्या सामग्रीवर ही पत्रिका नावाची संस्था उभी असते.

प्रणाली फुकट मिळते. ती चालती ठेवणे फुकट नसते. ओजेएस ज्या पीएचपी भाषेत लिहिली आहे, तिच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक मुदत असते; ७.४ या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. मुदत संपली की सर्व्हरवर जागा भाड्याने देणारी कंपनी आज ना उद्या ती आवृत्ती काढून टाकते, तशी सूचना देणारा ई-मेल पत्रिका सोडून गेलेल्या एखाद्या जुन्या संपादकाच्या पत्त्यावर जाऊन पडतो, आणि मग एका सकाळी मुखपृष्ठाच्या जागी पांढरा पडदा दिसू लागतो. आता ओजेएसची नवी आवृत्ती चढवावी म्हटले, तर मधल्या काळात सोडलेल्या पायऱ्या आडव्या येतात. २०१६ साली या प्रणालीची तिसरी पिढी आली, तेव्हा दुसऱ्या पिढीतील मांडणी आणि प्लगइन निरुपयोगी झाले. ज्यांनी तेव्हा ‘पुढे पाहू’ म्हणून काम तहकूब ठेवले, त्यांना आज २.४ वरून थेट ३.४ वर जाता येत नाही, तर मधल्या एखाद्या आवृत्तीवर मुक्काम करावा लागतो, आणि त्या मुक्कामापुरता पीएचपीचा जुनाच अवतार कोठून तरी पैदा करावा लागतो.

हे काम आमच्याकडे एक ग्रंथपाल आणि एक अभियंता रात्रीच्या जेवणानंतर करीत आले आहेत, म्हणून त्याचे स्वरूप जवळून सांगतो. प्रथम प्रती काढायच्या, आणि त्या तिन्हींच्या: डेटाबेसची, प्रणालीच्या फाइलींची, आणि ज्या स्वतंत्र फोल्डरात लेखकांची मूळ हस्तलिखिते व परीक्षकांचे अभिप्राय असतात, त्या फोल्डरची. या तिसऱ्याचा विसर पडला तर पत्रिका वरून धडधाकट दिसते, पण कोणत्याही लेखावर टिचकी मारली असता फाइल सापडत नाही. त्यानंतर अपग्रेडची आज्ञा द्यायची आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे पाहत बसायचे. २०२३ साली आलेल्या ३.४ पासून डेटाबेसातील नोंदींचे परस्परसंबंध काटेकोरपणे तपासले जातात. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी एखादा विभाग रद्द केला आणि त्यातील एखादा लेख निराधार राहून गेला असेल, तर ती निराधार नोंद आज वाट अडवते, आणि ती कोणाची, कशी, हे सांगणारा संपादक केव्हाच परगावी गेलेला असतो.

त्यातून आपली देवनागरी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत आपले एकेक अक्षरचिन्ह तीन-तीन बाइटांचे असते, आणि जुन्या डेटाबेसची स्थापना करताना अक्षरसंचाची नोंद युरोपीय वर्णमालेची राहून गेलेली असेल, तर स्थलांतर होताच सगळे लेखक, सगळी शीर्षके, सगळे सारांश फ्रेंच-पोर्तुगीज धाटणीच्या शिरोचिन्हांकित अक्षरांच्या माळा होऊन समोर येतात. हा प्रकार भयप्रद दिसला तरी बहुधा दुरुस्त होतो, कारण मूळ बाइट जागच्या जागी असतात. परंतु त्या माळांच्या ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर मूळ मजकूर पुसला गेला असण्याचाच संभव अधिक. तसे झाले असेल, तर जुनी प्रत हाताशी असली तरच तो परत मिळतो. हा भेद आमच्या ग्रंथपालबाईंना पक्का ठाऊक आहे. तो कोठल्याही अधिकृत मराठी पुस्तिकेत मात्र माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

सुरक्षेची बाब थोडक्यात आटोपतो. हस्तलिखितांचा तो फोल्डर सर्व्हरच्या सार्वजनिक भागात राहू देऊ नये, असे प्रणालीचे कर्ते वारंवार बजावतात. तरीही तो तसा राहतो, लेखाच्या मिषाने कोणी त्यात भलतीच फाइल चढवतो, आणि संत साहित्यावरील अंकाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. संपादकांस हे कळते ते एखाद्या वाचकाने विचारल्यावर.

छापील नियतकालिकाला ही विवंचना नव्हती. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचा जुना अंक आज उघडायचा तर कोणाचीही परवानगी वा कोणतीही आवृत्ती लागत नाही. तो एका ग्रंथालयात नसला तर दुसऱ्यात असतो. शिवाय १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने आणि १९५६च्या त्याच्या दुरुस्तीने छापील पुस्तके व नियतकालिके कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर नेमलेल्या ग्रंथालयांत पोहोचण्याची तजवीज केली. तो कायदा कागद डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. जालावरची आमची पत्रिका मात्र पेशवे दप्तरातील रुमालांसारखी आहे. पावसाळ्यानंतर कोणी तरी ते सोडून, झाडून, पुन्हा बांधले नाहीत, तर आतल्या मजकुराचे महत्त्व वाळवीला कळत नाही. २००० ते २०१९ या काळात मुक्तप्रवेशाची १७४ नियतकालिके जालावरून समूळ नाहीशी झाल्याचे लाक्सो, मॅथियस आणि यान या तिघांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, आणि त्यांत सर्व प्रमुख विद्याशाखा व जगातील सर्व भूप्रदेश होते. यात एक विपरीत गोष्ट अशी की, ओजेएसच्या कर्त्यांनीच जतनासाठी जे विनामूल्य जाळे उभारले आहे, त्यात सामील होण्यासही पुरेशी नवी आवृत्ती लागते. म्हणजे ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, तोच दाराबाहेर.

आता पैशाचे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर झाले असून, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून आपल्या विद्यार्थ्यांस वाचावयास मिळतात. गडचिरोलीच्या विद्यापीठातील मुलीला जे वाचायला मिळते ते मुंबईच्या मुलीपेक्षा कमी नसावे, हे मला सर्वस्वी मान्य आहे, आणि या योजनेविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु परक्यांचे वाचण्यासाठी कोट्यवधींची तरतूद करणाऱ्या राज्यव्यवस्थेला आपल्या भाषांत जे लिहिले जाते ते उघडे राहावे म्हणून लागणारी रक्कम, जी त्या आकड्याच्या शेजारी दिसणारही नाही, का सुचू नये? माझ्या मते याचे कारण कंजुषी हे नसून उद्घाटनाची आवड हे आहे. नव्या पत्रिकेला, नव्या संकेतस्थळाला, नव्या कक्षाला अनुदान मिळते. चालू असलेली गोष्ट चालू राहावी, यासाठीच्या अर्जाला आमच्याकडील खात्यांत रकानाच नसतो. स्वयंसेवक लेख तपासतील, परीक्षकांच्या मिनतवाऱ्या करतील, अनुस्वारावरून आपसांत भांडतील, कारण त्यात त्यांचा जीव रमतो. दर काही महिन्यांनी सुरक्षेची दुरुस्ती चढविणे आणि प्रती पडताळणे हे काम मात्र हौसेवर सोपवू नये. ते वेतनावर नेमलेल्या आणि जाब विचारता येईल अशा माणसाचे काम आहे.

आपल्या केंद्राने विद्यापीठांच्या नियतकालिकांसाठी ओजेएसवर जागा उपलब्ध करून दिली आहे, हे योग्यच झाले. ती सोय, कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाखाली नसलेल्या परंतु आयएसएसएन क्रमांक धारण करणाऱ्या आणि कोणाकडून शुल्क न घेणाऱ्या संस्थांच्या पत्रिकांनाही नियमाने मिळावी, ही माझी मुख्य विनंती. ज्यांना आपले बिऱ्हाड हलवायचे नाही, त्यांच्यासाठी निदान दोन-तीन पगारी तंत्रज्ञांचा असा एक विभाग असावा, की जो पत्रिकेची नक्कल घेऊन तिच्यावर अपग्रेडची रंगीत तालीम करील, अडलेल्या निराधार नोंदी सोडवील, देवनागरीचा अक्षरसंच तपासून देईल, आणि मूळ पत्रिकेला हात लागण्यापूर्वी संपादकांना निकाल दाखवील. यातील बहुतेक अडचणी सर्वांच्या सारख्याच असल्यामुळे एकदा मिळालेले उत्तर कन्नड, बंगाली, तमिळ पत्रिकांनाही तसेच्या तसे उपयोगी पडेल.

अशी सोय स्वीकारली की पत्रिका सरकारच्या मुठीत जाईल, अशी धास्ती आमच्यांतील काहींना वाटते, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून करारातच लिहून असावे की डोमेन संस्थेच्या नावे राहील, लेखाच्या स्वीकार-अस्वीकारात केंद्र लक्ष घालणार नाही, आणि पत्रिकेने मागितल्यास डेटाबेस व फाइली यांची संपूर्ण प्रत ठरावीक दिवसांत तिच्या हवाली केली जाईल. ही शेवटची अट खुल्या प्रणालीत पाळणे अवघडही नाही.

या पत्राचे उत्तर मराठीत यावे असा आग्रह नाही. इंग्रजीत आले तरी चालेल, मात्र विद्यापीठाबाहेरच्या पत्रिकांचे अर्ज कोणत्या महिन्यापासून घेतले जातील, हे त्यात नमूद असावे. आमच्या पत्रिकेचा अर्ज, आवृत्तीच्या व अक्षरसंचाच्या तपशिलासह, लिहून तयार आहे.

आपला,
एका मराठी संशोधनपत्रिकेचा संपादक