सिक रिपोर्टमध्ये न बसणारा आजार

पाय मुरगळला की एम.आय. रूममधून ‘एक्स्क्यूज पीटी’ची चिठ्ठी मिळते. ताप थर्मामीटरवर दिसतो. माझ्या आजाराला ना सूज होती ना आकडा.

सातवी संपल्यापासून नववीपर्यंत मी रोज फॉल-इनला वेळेवर होतो. बूट चमकत होते, मार्क बरे होते. फक्त कशातच मन लागत नव्हतं. आमचं हाउस फुटबॉलची फायनल जिंकलं तेव्हा सगळ्यांबरोबर ओरडलो, पण मनात एवढंच होतं की लाइट्स आउट कधी होणार. सीनियर म्हणाले, आळशी आहे. मलाही ते पटलं. हा आजार इतका हळू येतो की आपण त्याला आपला स्वभावच समजतो.

दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं: डिस्थायमिया. मोठ्यांमध्ये २ वर्षं आणि आमच्या वयात १ वर्ष, बहुतेक दिवस उदासी किंवा चिडचिड टिकली तर हे निदान होऊ शकतं. समुपदेशन सुरू झालं, नंतर गोळ्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितलं नसतं तर मी दहाव्या दिवशीच ती सोडली असती. मन असो वा नसो, रोज ठरवलेलं एक छोटं काम करायचं, असा गृहपाठही होता. (ड्रिलची सवय इथे कामी आली.)

माझं मत असं की सिक रिपोर्टमध्ये मनाचं दुखणंही सांगता आलं पाहिजे. मग पीटी चुकवायला सगळेच उदास होतील, असं काही सर म्हणतील. सर, पोटदुखीची सोंगं आजही होतात, म्हणून एम.आय. रूम बंद झालेली नाही. आणि मला पीटीतून सुट्टी नकोच, धावल्यावर मला बरं वाटतं. दार लावून दहा मिनिटं बोलता यावं, एवढंच हवंय. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. पण आमचा फोन ऑफिसात आहे, आणि समोर कोणीतरी बसलेलं असतं.

“एनडीएच्या मेडिकलला अडकशील, गप्प राहा,” असं मित्र म्हणतो. ती भीती मलाही आहे. पण नडगीचं दुखणं लपवून क्रॉस कंट्री धावलेला कॅडेट नंतर किती दिवस प्लास्टरमध्ये होता, तेही आम्ही दोघांनी पाहिलंय.

आई दर रविवारी फोनवर विचारायची, “जेवलास का?” मी “हो” म्हणायचो. परवा तिनं पुढे विचारलं, “आणि आठवडा कसा गेला?” मी म्हटलं, “बरा नाही गेला.” त्यावरच बोलत राहिलो, रांगेतल्या मागच्या मुलानं खांद्यावर टकटक करेपर्यंत.