गळ आणि गोंगाट

दिवाळीच्या सुट्टीत रानात राहायला जाणे ही गिरगाव-दादरच्या कुटुंबांची आता नवी तीर्थयात्रा झाली आहे. पूर्वी फराळाचे डबे घेऊन माणसे आजोळी जात. आता तेच डबे घेऊन तंबूत जातात. तंबूला माझा विरोध नाही. उघड्या आभाळाखाली एक रात्र काढावी, मुलांना गळ टाकायला शिकवावे, याहून चांगला बेत मला तरी ठाऊक नाही. माझे भांडण आहे ते तिथे जाऊन आपण जे करतो त्याच्याशी. सणासुदीला भांडण उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. चकलीबरोबर दोन तिखट शब्द खपून जातील.

मागल्या हिवाळ्यात मुलगा, सूनबाई आणि नातू यांच्याबरोबर मी लालबागहून पवनेच्या जलाशयाकाठी गेलो. चाळीतल्या खोल्यांसारखे एकाला एक लागून तंबू, प्रत्येकापुढे दिव्यांची माळ, आणि मध्यरात्रीपर्यंत कर्णा. गणपतीतला लालबाग सोडून आलो तो पुन्हा लालबागेतच! कार्यक्रमपत्रिकेत ‘मासेमारी’ला अर्धा तास होता. प्रत्येक मुलाच्या हाती काठी दिली, फोटो काढला, काठी परत घेतली. गळाला आमिष लावण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. रात्री निखाऱ्यावर भाजलेले पापलेट आले. नातवाने विचारले, “आजोबा, हा इथलाच ना?” वाढणाऱ्या पोराने हळूच सांगितले, “नाही हो काका, मुंबईहूनच येतं बर्फातून.” ज्या रस्त्याने आम्ही आलो, त्याच रस्त्याने आमचे जेवणही आले होते! गोड्या पाण्याच्या काठी बसून समुद्राचा मासा खायचा आणि त्याला रानातला मुक्काम म्हणायचे!

माझे वडील परळच्या गिरणीत होते, मूळचे कुडाळकडचे. रविवारी ते मला शिवडीच्या काठावर गरी टाकायला नेत. त्यांचे नियम तीन: बोलायचे नाही, पाण्यावर सावली पाडायची नाही, आणि तळहाताहून लहान मासा आला तर परत सोडायचा. पुष्कळदा काहीच मिळत नसे. मग दोरी गुंडाळताना ते म्हणत, “आज मासो शाणो होतो रे!” रिकाम्या हाताने घरी जाण्यात कमीपणा नाही, हे मी शाळेत नव्हे, त्या चिखलाच्या काठावर शिकलो.

परंतु जुन्या लोकांची आरती ओवाळून मी मोकळा होणार नाही. मे महिन्यात आम्ही गावी जात असू आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की रात्री अख्खे गाव ओढ्यावर लोटे. चढणीचे मासे! अंडी घालण्यासाठी ते नदीतून वर, ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढतात. आम्ही त्यांना जाळ्याने, कोयत्याने, मिळेल त्याने मारीत असू. गाबोळीची चव अजून जिभेवर आहे, म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. आम्ही पुढल्या वर्षाचे मासे त्या रात्रीच चुलीवर चढवीत होतो. तेव्हा निदान एका गावापुरते तोंड होते. आता त्याच पावसात शहरातून गाड्या भरून माणसे ओढ्यावर उतरतात, आणि त्यांच्या हाती आमच्या चुडीऐवजी प्रखर विजेऱ्या असतात.

समुद्राला आपण विश्रांती देतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. वरळी-माहीमचा कोळी होडी वर ओढून ठेवतो. ज्याचे पोट माशावर आहे तो दोन महिने थांबतो, आणि ज्याला केवळ रविवार घालवायचा आहे त्याला दोन तास थांबवत नाही, हा कुठला न्याय?

थांबणे आपल्या रक्तात नाही असे कोणी म्हणू नये. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवी. डोहातले महाशीर तिचे, म्हणून त्यांना कोणी धरत नाही. मुले कुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे पायांपाशी येतात. इतरत्र हाच मासा इतका विरळ झाला की लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीला वळवण तलावाकाठी त्याची पिल्ले वाढवून नद्या-तलावांत सोडावी लागली. ज्या गावाने डोह राखला त्याला हा खटाटोप करावा लागला नाही.

माझे दादरचे एक स्नेही म्हणतात, “अहो, मुले घटकाभर मोबाइल सोडतात, गावच्या पोरांना चार पैसे मिळतात, तुमचे काय बिघडते?” पैसे जरूर मिळोत. पवनेच्या धरणात तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलाबाळांचा त्या काठावर आपल्याहून अधिक हक्क आहे. पण त्या पोराला मरळ कुठे राहतो, पिल्लांची राखण कशी करतो, हे ठाऊक असते. त्याला आपण कर्ण्याची वायर धरायला लावतो. त्याच्या ज्ञानाचे पैसे द्या की! आणि मोबाइलचे म्हणाल, तर फोटो काढायला तो तिथेही हातात होताच.

तेव्हा सुट्टीत जरूर जा. कर्णा घरी ठेवा. गावच्या माणसाला विचारून गळ टाका; देवाच्या डोहात टाकू नका, लहान मासा सोडून द्या, आणि पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत गळ माळ्यावरच राहू द्या. रात्री दिवे मालवून मुलांना पाण्याचा आवाज ऐकू द्या. मुले प्रथम कंटाळतील, कंटाळू द्यावीत.

पवनेहून परतताना नातवाने मला विचारले होते, “आपण मासा पकडलाच नाही, मग गेलो कशाला?” त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. या भाऊबीजेनंतर त्याला घेऊन पुन्हा जाणार आहे, एक दोरी, एक गळ आणि मूठभर गांडुळे घेऊन. मासा शहाणा निघाला तर फारच उत्तम.