वीट कुठून येते?

"आई, थांब ना गं, विटा भाजायला टाकल्यात!"

जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा माझ्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी दिलेलं हे उत्तर. हातात माझाच मोबाइल आणि ताटातली आमटी गार! मैत्रिणींनो, तुमच्याकडेही याहून वेगळं चित्र नसेल. मी तावातावाने मोबाइल काढून घ्यायला गेले, पण 'विटा' या शब्दाने थबकले. आमचं राहनाळ भिवंडीला अगदी खेटून. गावाभोवती आता गोदामंच गोदामं झाली, तरी तालुक्याच्या आतल्या भागात वीटभट्ट्या अजून धुमसतात. तिथल्या मुलांना शाळेत बसवण्याच्या खटाटोपात मीही असते. म्हटलं, बघू तरी आपल्या पोराची भट्टी कशी आहे. पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसले.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. मूळचा स्वीडनचा. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. या खेळातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड, वाळू, प्रत्येकाचा ठोकळा एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. आणि प्रत्येकाचे गुणधर्म वेगळे.

आमच्या चिरंजीवांची लाडकी ती वीट. त्यासाठी नदी-तळ्याच्या उथळ पाण्याखालची चिकणमाती शोधायची. फावड्याने खणली की एका ठोकळ्यातून मातीचे चार गोळे निघतात. गोळा भट्टीत टाकला की दहा सेकंदांत एक वीट तयार. एका कोळशात आठ विटा भाजून निघतात. अशा चार विटा जोडल्या की बांधकामाचा एक ठोकळा होतो. तो लाकडासारखा पेट घेत नाही, म्हणून मुलं चुलीचं धुराडं त्याचंच बांधतात. स्फोट झाला तर माती-लाकडापेक्षा जास्त तग धरतो. तो काढायचा तर कुदळच हवी, नुसत्या हाताने फोडलात तर पदरात काही पडत नाही. त्याचे जिने होतात, कुंपणाच्या भिंती होतात, आणि तीन सुट्या विटांची एक छान कुंडीही होते. वाळूचा ठोकळा खालचा आधार काढला की कोसळतो, वीट मात्र हवेत लटकत राहते. आमच्या गवंडीदादांनी हे पाहिलं तर ते ओळंबा फेकून घरी जातील!

"आई, दहा लांब आणि तीन उंच भिंत बांधायचीय," चिरंजीव म्हणाले. "म्हणजे ३० ठोकळे, १२० विटा, १५ कोळसे आणि २० मिनिटं." सगळा हिशेब तोंडी! खोटं कशाला बोलू, मला कौतुकच वाटलं. पाढ्यांची वही बघून पळणारा हाच का तो मुलगा?

म्हणूनच 'मोबाइलने पोरं वाया गेली' असं सरसकट म्हणायला माझं मन धजावत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वस्त्यांविषयी काम करणाऱ्या संस्थेने २०१२ पासून हाच खेळ सार्वजनिक जागा आखण्यासाठी वापरला आहे. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या शाळकरी मुलींनी आपले रस्ते मुलींसाठी सुरक्षित कसे होतील, ते याच ठोकळ्यांतून मांडून दाखवलं. खेळ वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट नाही, आणि ती मला त्याच दुपारी खुपली.

"या विटा पाडतं कोण रे?" मी विचारलं.

"मीच."

"आणि भट्टीवर कोण असतं?"

"कुणीच नाही. आपोआप होतं ते."

आपोआप! ज्या तालुक्यात पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं पाड्यांवरची घरं बंद करून, पोराबाळांसकट भट्टीवर जाऊन राहतात, त्या तालुक्यातला माझा मुलगा म्हणत होता, आपोआप होतं.

पुढच्या फेरीला मी त्याला सोबत नेलं. वह्या वाटायच्याच होत्या. भट्टीवर त्याने पहिल्यांदा पाहिलं, की मातीत तूस आणि राख कालवून तो चिखल पायांनी तुडवावा लागतो. साच्यातून एकेक वीट थापावी लागते. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून माणसं मध्यरात्री उठतात. वाळलेल्या विटा डोक्यावरून वाहून रचायच्या, मग भट्टी लावायची, आणि ती दिवसचे दिवस जळत राहते. एका बाईला त्याने विचारलं, दिवसाला किती होतात? ती म्हणाली, "दोघं मिळून कधी हजार पडतात, कधी कमी. अंगात असेल तसं."

त्या बाईची मुलगी दहा-अकरा वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ. आमच्या चिरंजीवांनी मोठ्या ऐटीत तिला मोबाइलवरची आपली भट्टी दाखवली. तिने मातीचा गोळा भट्टीत जाताना पाहिला आणि पटकन म्हणाली, "वाळवली नाय? ओली टाकली तर फुटंल ना!"

तो गप्प झाला. मीही. खेळ बनवणाऱ्यांच्या लक्षात न आलेली चूक तिने एका नजरेत पकडली होती. एवढं ज्ञान असलेली ही पोर दुसरीनंतर शाळेत टिकली नव्हती. दर वर्षी दिवाळीनंतर गाव सुटतं, आणि पावसाळ्यात परत येईतो वर्ग पुढे गेलेला असतो.

कायदे नाहीत असं नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. आपल्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली. पण पावसाळा निभवायला घेतलेली उचल, म्हणजे बयाणा, फेडायला कुटुंब बांधलेलं असतं. थापायला हात कमी पडले की लहान हातही चिखलात जातात, नाहीतर धाकटं भावंड सांभाळतात. वीट स्वस्त पडते ती अशी. माझ्या घराची मागची खोली बांधली तेव्हा मीही दराची घासाघीस केलीच होती की! विटा कुणी थापल्या, हे मी तरी कुठे विचारलं होतं? मग मुलालाच काय म्हणून दोष देऊ?

म्हणून मला वाटतं, मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा मुलांच्या शेजारी बसावं. हे कशाचं झालं, कुठून आलं, कुणी केलं, एवढे तीन प्रश्न विचारावेत. खेळ पहिल्या दोघांची उत्तरं फार छान देतो. तिसऱ्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल, आणि ते सांगायचं तर आधी आपल्याला माहीत हवं.

आणखी एक करता येईल. आपल्या गावच्या शाळेतून एखादं कुटुंब भट्टीवर निघालं, की मुलाचं शिक्षण हमी पत्रक सोबत दिलं का, हे गुरुजींना विचारायचं. त्या कागदामुळे मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत बसता येतं. आपल्या गावाजवळ भट्टी असेल, तर तिथली मुलं कुठल्या शाळेत जातात, हेही विचारायचं. महिला मंडळाच्या चार बायका मिळून गेल्या, तर कुणी नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे. त्या मुलीचं नाव आम्ही असंच जवळच्या शाळेत घातलं. रोज जाते असं नाही सांगत, भाऊ आजारी पडला की राहते घरी. पण जाते.

चिरंजीवांचा खेळ काही सुटलेला नाही. फक्त आता मातीचे गोळे काढले की तो लगेच भट्टीत टाकत नाही. आधी एका बाजूला मांडून ठेवतो.

"अरे, तिथे लागत नाही ना वाळवायला?" मी म्हटलं.

"नाही लागत," तो म्हणाला. "पण असू दे थोडा वेळ."