बोटावरचा आकडा आणि त्वचेचा रंग

कोरोनाच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी ऑक्सिमीटर आला आणि औषधांच्या डब्यात थर्मामीटरशेजारी कायमचा राहिला. आजही आजोबांना धाप लागली की घरचे आधी बोटाला तो चिमटा लावतात व मला फोनवर विचारतात, “चौऱ्याण्णव आहे डॉक्टर, म्हणजे काळजी नाही ना?” केवळ आकड्यावरून उत्तर देण्याचे मी हल्ली टाळतो.

हे यंत्र बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश आरपार पाठवते. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू गमावलेले रक्त ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून टक्केवारी निघते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४च्या सुमारास मांडलेल्या या तत्त्वाचे आम्हा डॉक्टरांवर मोठे ऋण आहे. परंतु प्रकाशाच्या वाटेत त्वचाही असते आणि तिच्यातील मेलॅनिनही प्रकाश शोषते. यंत्राचे मोजमाप बसवताना निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन यंत्राचा आकडा त्यांच्या धमनीतील रक्ताशी पडताळतात. हे स्वयंसेवक बहुतांशी गोरे असतील, तर सावळ्या बोटावर यंत्र चुकण्याचा संभव वाढतो.

कृष्णवर्णीय रुग्णांत आकडा फसवा ठरतो, हे अमेरिकेतील अतिदक्षता विभागातील एका अभ्यासाने १९९० सालीच दाखवले होते. तरीही २०१३च्या तेथील सरकारी मार्गदर्शनानुसार दहा स्वयंसेवकांत गडद वर्णाचे दोघे असले तरी भागत असे! मग डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या संशोधकांचा अभ्यास आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील प्रमाण ८८च्या खाली असणारे, गोऱ्यांत शंभरी चारांहून कमी, तर कृष्णवर्णीयांत सुमारे बारा निघाले. चाचणीत अधिक व विविध वर्णांची माणसे घ्यावीत, असा नवा मसुदा जानेवारी २०२५मध्ये निघाला. मधल्या काळात विकली गेलेली यंत्रे मात्र घरोघरी तशीच आहेत.

तेथील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे खरे. पण आता मनगटावरची घड्याळेही प्रकाशानेच प्राणवायू मोजू लागली आहेत आणि मुले ती आईवडिलांना हौसेने भेट देतात. ‘ही कोणाकोणावर तपासली?’ हा प्रश्न विक्रीपूर्वी, किंबहुना आराखडा कागदावर असतानाच विचारला जायला हवा. दुकानात आपणही विचारावा. उत्तर बहुधा मिळणार नाही, तरी विचारावा.

तोवर घरचे यंत्र टाकून देऊ नका. नेलपॉलिश पुसा, गार हात चोळून ऊबदार करा, हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबा. घरातील माणूस बरा असतानाचा त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. त्याहून तीन-चारने घट झाली, तर ९४लाही ‘चांगला’ म्हणू नका. ओठांचा निळेपणा सावळ्या चेहऱ्यावर चटकन दिसत नाही, म्हणून जीभ व ओठांची आतली बाजू पाहा. एक वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल, नवी गुंगी किंवा गोंधळ जाणवत असेल, तर आकडा काहीही असो, रुग्णालय गाठा. फोन मला वाटेतून करा.