न निघालेला अंक

एका विद्यार्थिनीच्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण तपासत होते. विषय सत्यशोधक पत्रकारिता. एका तळटिपेत 'दीनबंधु' या वृत्तपत्राचा अंक, तारखेसकट, पानाच्या आकड्यासकट. साल 1875. कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला 1877 मध्ये.

मुलीला बोलावलं. "हा अंक कुठं बघितलास?"

"मॅडम, चॅटजीपीटीनं दिला. इतकं नेमकं होतं, वाटलं खरंच असणार."

तळटीप नेमकी हवी, हे तिच्या डोक्यात आम्हीच भरवलं होतं.

रागावणार होते, पण पुढचं ऐकून गप्प बसले. गेल ऑम्वेट आणि रोझलिंड ओ'हॅनलन या अभ्यासकांची इंग्रजी पुस्तकं तिनं याच यंत्राला अर्थ विचारत, परिच्छेद परिच्छेद करून वाचली होती. शिक्षण मराठी माध्यमात, सकाळी मेडिकलच्या दुकानात काम. ऑम्वेट कित्येक वर्षं कासेगावात राहिल्या, हिच्या गावाहून एसटीनं तासाभरावर. त्यांचा 1976 चा ग्रंथ हिला उलगडून सांगायला मात्र यंत्र यावं लागलं. आम्हा प्राध्यापकांना ते जमलं नव्हतं.

म्हणून कॉलेजची 'यंत्र वापरू नका' ही नोटीस मला पटत नाही. शिवाय चोरी पकडायला आपला सगळा भरवसा साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पण जो अंक निघालाच नाही, त्याचं साम्य सापडणार कशाशी? हिच्या प्रकरणाचा अहवाल आला 4 टक्के. निर्मळ!

मराठीत हे दुखणं जास्तच. सत्यशोधकांचे कितीतरी कागद नेटवर नाहीतच. ते माळ्यावर, ट्रंकांत पडलेत. माहीत नसेल तिथं हे यंत्र बऱ्याचदा थांबत नाही, रचून सांगतं. आणि नवं काही सापडण्याची जागा नेमकी तीच असते.

आता मी प्रत्येक तळटिपेचा मूळ कागद मागते, झेरॉक्स किंवा फोटो. नसेल तर तळटीप कापते. यंत्राला काय काय विचारलं, ते शेवटच्या पानावर लिहायला लावते. त्याचे गुण कापत नाही, पण तोंडी परीक्षेत त्याच पानावरून प्रश्न विचारते. माझ्याकडे आठ विद्यार्थी आहेत म्हणून हे होतं. तीस असते तर मीही टक्केवारी बघून सही केली असती.

त्या प्रकरणातल्या 11 तळटिपा कापल्या तेव्हा मुलगी रडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली ती चुलत आजोबांच्या ट्रंकेतलं सत्यशोधक जलशाचं पत्रक घेऊन. प्रकरणात त्याची तळटीप होती : 'खासगी संग्रह. साल वाळवीने खाल्ले आहे.'